जुनं लिनक्स चालवायचं तर मशीनही त्या काळचं द्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर लगेच सांगता येईल. घर आवरताना रेड हॅट लिनक्स ६.२ ची, मासिकासोबत आलेली सीडी सापडली. नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा, नकली संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) ‘रेड हॅट’ हा प्रकार निवडून तुम्ही ४ जीबी रॅम, चार कोअर आणि ४० जीबीची डिस्क दिलीत. इन्स्टॉलर म्हणाला, हार्ड डिस्कच नाही. आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) कंट्रोलर जोडल्यावर इन्स्टॉल पार पडलं, पण रीबूटनंतर काळ्या पडद्यावर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोनच अक्षरं येऊन सगळं थांबलं. रेस्क्यू मोडमधून आत शिरलात तर ग्राफिक्स ६४० बाय ४८० आणि सोळा रंग, नेटवर्क कार्डाचा पत्ता नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टची टार फाइल (अनेक फाइलींचा एक गठ्ठा) तिथे उघडून तो सी प्रोग्राम पुन्हा चालताना बघायचा आहे, जमलं तर मराठीही दिसायला हवं. आणि विचारलंय एवढंच, की व्हर्च्युअलबॉक्स सोडून दुसरं काही वापरू का?

वापरा. पण नुसतं सॉफ्टवेअर बदलून भागणार नाही, कारण या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे. रेड हॅट ६.२ हे २००० सालचं, कर्नेल (लिनक्सचा गाभा) २.२.१४. तोवर बाजारात आलेलं हार्डवेअर त्याला ओळखू येतं, पुढचं नाही. ‘रेड हॅट’ हा प्रकार निवडला की व्हर्च्युअलबॉक्स समजतो तुम्हाला आजकालचं एंटरप्राइझ लिनक्स बसवायचंय, आणि त्याला शोभेल असा साटा (डिस्क जोडायची नवी पद्धत) कंट्रोलर आणि इंटेलचं गिगाबिट कार्ड पुढे ठेवतो. साटा बाजारात आलं तेच या सीडीनंतर. बिचाऱ्या इन्स्टॉलरने डिस्क शोधायची कुठे?

इथे बहुतेक जण उलट्या दिशेला धावतात. जुन्या कर्नेलसाठी नवा ड्रायव्हर शोधतात, कर्नेल पुन्हा कंपाइल करायला घेतात, त्यात कंपायलर जुळत नाही, आणि शनिवार-रविवार पाण्यात. सिस्टीमला हात लावू नका, मशीन मागे न्या. व्हर्च्युअल मशीनचं हार्डवेअर म्हणजे शेवटी सेटिंगच, ते बदलायला पैसे पडत नाहीत.

त्याआधी एक विचारतो: तुम्हाला नेमकं काय हवंय? जुना डेस्कटॉप पुन्हा बघायचाय की तो प्रोग्राम चालवायचाय? माझं रोजचं काम भोसरी-चिंचवड पट्ट्यातल्या लहान कारखान्यांतले, तपासणी यंत्रांना जोडलेले जुने संगणक चालू ठेवण्याचं आहे. यंत्र ठणठणीत असतं, संगणकाचा मदरबोर्ड मात्र राम म्हणतो. तिथे मी पहिल्यांदा हेच बघतो, की व्हर्च्युअल मशीनची गरज आहे तरी का. टार फाइल आजच्या लिनक्सवर जशीच्या तशी उघडते. जुनी ईएक्सटी२ (त्या काळची लिनक्सची फाइलसिस्टीम) डिस्क असेल तर तीही आजचा कर्नेल वाचतो. त्या काळचा ३२ बिटचा प्रोग्राम कित्येकदा ३२ बिटच्या लायब्ररी टाकल्या की आजही चालतो. सोर्स असेल तर कंपाइल करून बघा, फक्त जीसीसी (लिनक्सचा नेहमीचा कंपायलर) १४ पासून फंक्शन जाहीर न करता वापरलं की वॉर्निंगऐवजी थेट एरर येते. कॉलेजमधल्या आपल्या सगळ्यांच्या कोडमध्ये ते असतंच. कंपायलरला ‘जीएनयू ८९’ हे स्टँडर्ड सांगितलं की तो गप्प बसतो. याला मर्यादाही आहे. ए-आउट या फारच जुन्या फॉरमॅटमधले प्रोग्राम आता चालणार नाहीत, कारण २०२२ मध्ये तो आधार एक्स८६ कर्नेलमधून काढून टाकला. पण तुमचा प्रोजेक्ट २००० च्या आसपासचा, म्हणजे ए-आउटनंतरच्या ईएलएफ फॉरमॅटमधलाच असणार.

तरीही जुना डेस्कटॉपच बघायचा असेल (आणि मला वाटतं तुम्हाला तेच हवंय, प्रोग्राम हे निमित्त), तर पुढे वाचा.

साधन कोणतं, हे डिस्ट्रो (कर्नेल आणि प्रोग्राम यांचा तयार संच) कुठल्या सालची त्यावर ठरतं. कर्नेल २.६ ची, म्हणजे साधारण २००४ नंतरची डिस्ट्रो असेल तर व्हर्च्युअलबॉक्स पुरतो. २.२ आणि २.४ च्या जमान्यासाठी मी क्यूएमू हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरतो, कारण त्यात प्रत्येक सुटा भाग नाव घेऊन निवडता येतो. त्याहून मागे जायचं असेल, किंवा अमुक कंपनीचंच ग्राफिक्स कार्ड आणि अमुकच मदरबोर्ड हवा असेल, तर ८६बॉक्स. तो अख्खं जुनं मशीन बायोससकट उभं करतो, पण प्रोसेसरचं सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये करत असल्यामुळे चांगलाच दमवतो. तुमच्यासाठी क्यूएमू. कमांड तयार लिहून देत नाही, कारण पर्यायांची रूपं आवृत्तीगणिक बदलतात, साउंडचं तर पूर्ण बदललं. भागांची नावं देतो, ती मॅन्युअलमध्ये लगेच सापडतील.

सुरुवात प्रोसेसरपासून. कोअर एक, प्रकार पेंटियम-टू किंवा थ्री. हा नुसता हौसेचा भाग नाही. २.२ कर्नेल बूट होताना प्रोसेसरला त्याची ‘फॅमिली’ विचारतो आणि मिळालेला आकडा ‘०’ या अक्षराच्या आस्की (अक्षरांच्या ठरलेल्या यादीतल्या) क्रमांकात मिळवून मशीनचं नाव तयार करतो. फॅमिली ५ असेल तर आय५८६, ६ असेल तर आय६८६. मग पेंटियम-फोर आला तो फॅमिली १५ घेऊन. शून्याचा आस्की क्रमांक ४८, त्यात १५ मिळवले की ६३, आणि ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. मशीनचं नाव झालं ‘आय?८६’. पॅकेजं बसवणाऱ्या आरपीएम या साधनाला असली जात ठाऊकच नाही, त्यामुळे पॅकेजं बसवताना गाडी अडते. आजचे रायझन प्रोसेसरही जुन्या कर्नेलला हेच १५ सांगतात, कारण फॅमिलीचा उरलेला भाग ज्या वेगळ्या खान्यात ठेवलेला असतो तिथे हा कर्नेल बघतच नाही. इंटेलचे सध्याचे बहुतेक प्रोसेसर फॅमिली ६ चे आहेत. तुमचं इन्स्टॉल पार पडलं त्याअर्थी लॅपटॉप इंटेलचा असावा. क्यूएमूच्या ६४ बिट आवृत्तीचा न सांगता मिळणारा प्रोसेसरसुद्धा १५ च सांगतो, म्हणून नाव घेऊन निवडायचं. केव्हीएम (खऱ्या प्रोसेसरची मदत घेऊन वेग वाढवणारी सोय) सुरुवातीला बंद ठेवा. आजच्या लॅपटॉपवर पेंटियम-टूची नक्कल नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये पुरेशी वेगात चालते, आणि अडचण आली तर संशयितांच्या यादीत एक नाव कमी.

रॅम १२८ एमबी. ४ जीबी दिली तरी हा कर्नेल नेहमीच्या रूपात जेमतेम ९६० एमबी वापरतो, बाकीची वाया. त्या काळी १२८ म्हणजे चैन होती. कर्नेल २.० च्या डिस्ट्रोंत तर आणखी वेगळा प्रकार असे: ६४ एमबीच्या वरची रॅम त्याला आपणहून दिसायचीच नाही, बूटच्या वेळी आकडा हाताने सांगावा लागे.

आता डिस्क, आणि ती दोन अक्षरं. लिलो हा बूटलोडर (मशीन सुरू होताना कर्नेल आणून चालवणारा प्रोग्राम) आपलं नाव एकदम छापत नाही. कामाचा एकेक टप्पा झाला की एकेक अक्षर टाकतो. पहिला टप्पा सुरू झाला की ‘एल’. दुसरा टप्पा डिस्कवरून आणला की ‘आय’. तो खरोखर चालू झाला की पुन्हा ‘एल’, आणि सगळं हाती लागलं की ‘ओ’. म्हणजे ‘एल-आय’वर थांबला याचा अर्थ दुसऱ्या टप्प्याचा कोड आणला, पण चालवता आला नाही, कारण जे आणलं ते भलतंच होतं. लिलोला फाइलसिस्टीम कळत नाही. कर्नेल डिस्कवर नेमका कुठे आहे ते इन्स्टॉलच्या वेळी टिपून ठेवतो आणि बूट होताना बायोसला तोच पत्ता सांगतो. सिलिंडर-हेड-सेक्टरचा हिशेब लिनक्सने एक धरला आणि बायोसने दुसरा, की पत्ता चुकलाच. मोठी डिस्क आणि मध्येच बदललेला कंट्रोलर, म्हणजे याला आमंत्रणच. शिवाय त्या पिढीतल्या लिलोला १०२४ सिलिंडरच्या पलीकडचं दिसत नाही: १०२४ गुणिले २५५ हेड गुणिले ६३ सेक्टर गुणिले ५१२ बाइट, म्हणजे ८.४ जीबी. तुमच्या ४० जीबीत बूट पार्टिशन त्यापुढे गेलं असेल तर खेळ खलास.

आहे तेच इन्स्टॉल वाचवायचं तर रेस्क्यूमधून आत जा, रूट पार्टिशन माउंट करून त्यात सी-एच-रूट करा (म्हणजे तेच मूळ फोल्डर धरून काम करा), लिलोच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये वरच्या भागात ‘लिनिअर’ ही एक ओळ घाला आणि लिलो पुन्हा चालवा. फाइल नुसती सेव्ह करून उपयोग नाही, लिलो चालवल्याशिवाय पत्ते नव्याने टिपले जात नाहीत. पण तुमच्या जागी मी नवं मशीन बनवेन: आयडीई, ४ जीबीची डिस्क. ६.२ मधलं सगळंच्या सगळं टाकलं तरी जागा उरते. आणि इन्स्टॉल सुरू होताना बूट प्रॉम्प्टवर ‘टेक्स्ट’ टाइप करा. ग्राफिकल इन्स्टॉलर तेव्हा नवाच होता, तो ६.१ मध्ये आला. निळ्या पडद्याचा टेक्स्ट इन्स्टॉलर जास्त भरवशाचा.

डिस्प्लेच्या बाबतीत मात्र क्यूएमूला पर्याय नाही असं माझं मत. पडद्यावर खिडक्या दाखवणारी ‘एक्स’ ही यंत्रणा ६.२ मध्ये एक्सफ्री८६ ३.३.६ या रूपात आहे. आवृत्ती ४ पासून एकच सर्व्हर आणि सुटे ड्रायव्हर अशी रचना झाली. त्याआधी कार्डांच्या घराण्यागणिक वेगळा एक्स सर्व्हर असे. व्हर्च्युअलबॉक्सचं ग्राफिक्स कार्ड खऱ्या जगात कधी नव्हतंच, मग ३.३.६ ला ते कुठून माहीत असणार? म्हणून तो साध्या व्हीजीएवर उतरतो आणि तुम्हाला सोळा रंग दिसतात. वेसा फ्रेमबफरचा आडवळणाचा मार्ग आहे: लिलोमध्ये व्हीजीए मोड ७९१ द्यायचा, म्हणजे १०२४ बाय ७६८ आणि १६ बिट रंग, आणि एक्ससाठी एफबीडेव्ह सर्व्हर लावायचा. चालतं, पण खिडकी हलवली की सावकाश रंगत जाते. क्यूएमूमध्ये ‘सिरस’ म्हटलं की सिरस लॉजिक जीडी५४४६ हे त्या काळी घरोघरी असलेलं कार्ड मिळतं, आणि एक्सकॉन्फिगरेटर त्याला बरोबर ओळखतो. पूर्वी क्यूएमू न सांगताही हेच कार्ड देत असे, २०१४ मध्ये आवृत्ती २.२ पासून ते बदललं. त्यामुळे जुन्या लेखांतल्या कमांडमध्ये हा पर्याय लिहिलेलाच नसतो आणि लोक चक्रावतात. रंग १६ बिट ठेवा, २४ च्या मागे लागू नका. माउस पीएस/२ निवडा, तीन बटणांची नक्कल चालू ठेवा, नाहीतर मधल्या बटणाने पेस्ट करायची सवय असलेल्यांचा हात अडतो. यूएसबी टॅबलेटचा पर्याय देऊ नका. माउस खिडकीत अडकला की कंट्रोल-ऑल्ट-जी.

नेटवर्कसाठी एनई२००० पीसीआय कार्ड. हे गरिबाघरचं कार्ड जवळपास प्रत्येक डिस्ट्रोला माहीत असतं. ६.२ मध्ये मॉड्यूलची नावं ‘कॉन्फ डॉट मॉड्यूल्स’ या फाइलमध्ये असतात (७.० पासून तिचं नाव उलटं झालं). तिथे ईथ-झिरोसमोर एनई२के-पीसीआय लिहिलेलं दिसलं म्हणजे झालं. पत्ता आपोआप मिळाला नाही तर हाताने द्या: मशीन १०.०.२.१५, गेटवे १०.०.२.२, डीएनएस १०.०.२.३. व्हर्च्युअलबॉक्समध्येच राहायचा हट्ट असेल तर प्रकार ‘लिनक्स २.२’ निवडा आणि कार्ड पीसीनेट-पीसीआय टू.

आवाजासाठी साउंड ब्लास्टर १६, मग आत ‘एसएनडीकॉन्फिग’ चालवा. पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ आणि ५, हे क्यूएमूचे ठरलेले आकडे. जुळले की तपासणीसाठी एक छोटी ध्वनिफीत वाजते. खुद्द लायनस टॉरवल्ड्स आपण लिनक्सचा उच्चार कसा करतो ते सांगतात. कामाचं काही नाही त्यात, पण माझ्याकडे कुणी हे बघायला आलं की मी आधी तेच ऐकवतो.

तर आतापर्यंतचं मशीन असं झालं: पेंटियम-टू एक, रॅम १२८ एमबी, आयडीईवर ४ जीबी, सिरस, एनई२०००, साउंड ब्लास्टर १६. असं मशीन २००० साली लॅमिंग्टन रोडवर जोडून मिळालं असतं, आणि नेमकं म्हणूनच ते चालतं.

सीडीबद्दल दोन शब्द. ती थेट ड्राइव्हमधून वापरू नका. पंचवीस वर्षांच्या सीडीवर वाचता न येणारे सेक्टर निघतात, आणि इन्स्टॉल ऐंशी टक्क्यांवर मरतं. आधी डीडीरेस्क्यूने आयएसओ (सीडीची जशीच्या तशी प्रत) काढा. तो वाईट जागा सोडून पुढे जातो आणि मग परत येऊन पुन्हा प्रयत्न करतो. फारच खराब असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर ६.२ ची प्रत मिळते, पण मासिकांच्या सीडीत कधीकधी त्यांनी स्वतः भर घातलेली पॅकेजं असायची, म्हणून आपली प्रत आधी वाचवा. मॉडेम पूर्ण ५६ केबीपीएसने चालला असता, जे कधी होत नसे, तरी ६५० एमबी उतरवायला दिवसाहून जास्त वेळ लागला असता. आपल्याकडे लिनक्स घरात पोचलं ते पीसी क्वेस्टसारख्या मासिकांच्या सीडींमुळे.

फाइल आत कशी न्यायची? नेटस्केप या जुन्या ब्राउझरने आजची एकही साइट नीट उघडणार नाही, कारण सर्व्हरना सुरक्षित जोडणीसाठी टीएलएस १.२ लागतं आणि त्याच्याकडे त्याआधीचं एसएसएल. एका मशीनवरून दुसऱ्यात शिरायच्या जुन्या एसएसएचशी आजचं एसएसएच बोलायला तयार नसतं, जुने अल्गोरिदम हाताने चालू करावे लागतात. एवढ्या भानगडीत पडूच नका. लॅपटॉपवर टार फाइलच्या फोल्डरमध्ये पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर चालू करा आणि आतून १०.०.२.२ वर लिंक्स किंवा डब्ल्यूगेट लावा. नेटवर्क चालत नसेल तर फाइलींचा आयएसओ बनवून सीडी म्हणून जोडा.

आणि नेटवर्क नॅटच ठेवा (व्हर्च्युअल मशीन लॅपटॉपच्या आड राहतं), ब्रिज्ड (ते थेट घरच्या नेटवर्कवर येतं) कधीही नको. ६.२ ची इन्स्टॉल केल्याबरोबर चालू असलेल्या सेवांची यादी बघाल तर घाम फुटेल. २००१ च्या जानेवारीत आलेला रामेन वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) नेमका ६.२ आणि ७.० च्या अशा उघड्या सेवांतूनच शिरत असे आणि वेबसाइटचं पहिलं पान बदलून नूडल्सवरचा विनोद टाकत असे. त्या फटी तुमच्या सीडीवर अजून तशाच आहेत. नॅटच्या आड बाहेरून आत यायला वाट नसते, म्हणून चालतं. कारखान्यांत तर मी नेटवर्क कार्डच काढून टाकतो.

६.२ जमल्यावर हात शिवशिवतील म्हणून सांगून ठेवतो, पुढचा मुक्काम डेबियनचा करा. पोटॅटो (२०००) आणि वुडी (२००२) या त्याच्या आवृत्त्यांची सगळी पॅकेजं डेबियनच्या आर्काइव्ह सर्व्हरवर अजून आहेत, साध्या एचटीटीपीवर. पॅकेजं आणणाऱ्या त्या काळच्या ॲप्टमध्ये सह्या तपासायची सोय नव्हती, त्यामुळे कालबाह्य किल्ल्यांचा त्रासही नाही. तो त्रास ‘एच’ (Etch, २००७) या आवृत्तीपासून सुरू होतो. स्लॅकवेअर ३ साठी बूट आणि रूट अशा दोन फ्लॉपी इमेज लागतील.

आता मराठी. ६.२ वर ते विसरा. फॉन्ट टाकला तरी ग्नोम १ आणि केडीई १ या डेस्कटॉपांच्या खालच्या लायब्ररींना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, वेलांटी अक्षराच्या मागेच पडते. मुंबईच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेने इंडिक्स या प्रकल्पात थेट एक्स विंडोच्या पातळीवर भारतीय लिप्या आणायचं काम केलं. दुसरीकडे २००२ मध्ये जीटीके २ या लायब्ररीसोबत अक्षरं जुळवणारं पँगो आलं, आणि त्याच वर्षी रेड हॅट ८.० ने सगळ्या लिप्या सामावणारं यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग ठरवून टाकलं. मोकळ्या परवान्याचा चांगला देवनागरी फॉन्ट त्यानंतर मिळाला: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले. म्हणून जुन्या डेस्कटॉपवर मराठी बघायची हौस असेल तर २००५ च्या आसपासची फेडोरा घ्या, वेगळं व्हर्च्युअल मशीन बनवा. तिला रॅम ५१२ एमबी द्या आणि ती व्हर्च्युअलबॉक्समध्येही चालेल.

नवं मशीन बनवूनही लिलो थांबलाच, तर पडद्यावर नेमकी किती अक्षरं उमटली आणि त्यांच्यापुढे दोन-दोन आकड्यांची रांग येते का, एवढं लिहा. त्यावरून अडलंय कुठे ते सांगता येईल.